बोर्डात काळी वायर आहे का?

ज्या बोर्डावर सॉकेट आहे त्या बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी काळी वायर) असतो, आणि ज्या बोर्डावर नुसती बटणं आहेत तिथे बहुतेक वेळा नसतो. हे आमच्या वायरमन काकांचं वाक्य. स्मार्ट डिमरवर (म्हणजे उजेड कमी-जास्त करणारं, मोबाइलवरूनही चालणारं बटण, ज्याला स्वतः जागं राहायला सहसा न्यूट्रल लागतो) मी जेवढे व्हिडिओ पाहिले त्यातल्या एकानेही हे इतकं सरळ सांगितलं नाही, आणि त्यांची तरी काय चूक, ते सगळे अमेरिकेतले, तिकडे दिव्याचा स्विच भिंतीवर वर एकटा आणि सॉकेट खाली जमिनीजवळ वेगळं. आपल्याकडे एकाच बोर्डावर दोन लाइट, पंखा, पंख्याचा रेग्युलेटर, आणि कोपऱ्यात मोबाइल लटकवायला सॉकेट. सॉकेटला फेज (वीज आणणारी वायर) लागतो तसाच न्यूट्रलही लागतो, त्यामुळे काळी वायर तिथपर्यंत कुणीतरी आणलेलीच असते.

पण आईंच्या खोलीत पलंगाशेजारी जो बोर्ड आहे, त्यावर दोनच बटणं. सॉकेट नाही. आणि मला डिमर नेमका तिथेच हवा होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर छान साफ झाली, पण उजेड टोचायला लागला, म्हणजे दिवसा खिडकीतला चालतो पण रात्री दिवा लावला की डोळ्यावर हात. खोलीत एलईडीची पट्टी होती, ती लावली की आपला आपरेशन थेटरच. आणि बंद केली की पूर्ण काळोख, त्यात बाथरूमला जाताना पडायची भीती. पूर्वी या दोन्हीच्या मधली सोय म्हणजे झिरोचा बल्ब, जो नावाला झिरो आणि खायचा बारा-पंधरा वॉट, पण त्या उजेडात औषधाची पट्टी वाचता येत नाही. आईंना हवा होता असा दिवा की जपमाळ शोधताना थोडा, गोळ्या बघताना जास्त, आणि मधल्या वेळी अगदी मंद.

आता कुणीही म्हणेल की मग स्मार्ट बल्ब लावा, होल्डरमध्ये फिरवला की झालं, वायरिंगला हातच लावायला नको. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण स्मार्ट बल्बची एक अट असते की भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं, कारण वीज गेली की बल्बातला रेडिओही मेला. आणि आमच्या घरात खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणं हे चप्पल काढून आत येण्याइतकं अंगात मुरलेलं आहे, आईंच्या पिढीला तर जास्तच, त्यांनी विजेचं बिल घरखर्चाच्या वहीत लिहिलेलं आहे. बटणावर "बंद करू नये" असा कागद चिकटवलेली घरं मी पाहिली आहेत. चिठ्ठ्या वाचत राहायचं असेल तर मग ऑफिस काय वाईट. त्यामुळे माझं ठरलं की उजेड कमी-जास्त करायची जागा भिंतीवरच पाहिजे, जिथे ती आधीपासून आहे, पाहुण्यालाही कळेल अशी, आणि मोबाइलवरून झालं तर ते वरचं.

म्हणून मग बोर्ड उघडला. म्हणजे काकांनी उघडला, मेन स्विच पाडून, आणि मी टॉर्च धरला. आत दोन बटणांना मिळून तीन वायरी. एक लाल, ती फेज, तिला लूप मारून दुसऱ्या बटणावर नेलेली, आणि दोन बटणांतून दोन वायरी वर दिव्यांकडे गेलेल्या. काळी नाही. काका म्हणाले, "वहिनी, इथे न्यूट्रलचं कामच काय? बटणाने फक्त तोडायचं आणि जोडायचं." आणि त्यांचं खरं आहे. आमची बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, डोंबिवलीत त्या काळात अशा शेकडो उभ्या राहिल्या. त्या वेळी न्यूट्रल वरच्या वर, जंक्शन बॉक्समधून (वायरी जोडायच्या डब्यातून) सरळ दिव्याच्या पॉइंटला नेला आणि खाली बटणापर्यंत फक्त फेज उतरवून परत वर पाठवला, की प्रत्येक बोर्डामागे काही फूट तांबं वाचतं. यात चुकीचं काही नाही, उलट बटणाने फेजच तोडायचा हा नियमच आहे. बटणाला कधीकाळी जागं राहावं लागेल, वायफायशी बोलावं लागेल, त्याच्या पोटालाही काहीतरी लागेल, हे त्या वायरमनच्या स्वप्नातही नव्हतं.

गंमत अशी की न्यूट्रल नसलेला डिमर आपल्या बोर्डांवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. पंख्याचा रेग्युलेटर! तो पंख्याच्या वाटेत मध्ये बसतो, दोनच वायरी, एक आली एक गेली. जुने ते मोठे काळे गोल रेग्युलेटर आठवतात का, हात लावला की गरम लागायचे, कारण पंखा हळू केला की उरलेली वीज आतल्या तारेत तापून जायची आणि बिलात फार फरक पडायचा नाही. मग इलेक्ट्रॉनिक आले, सरकणारे, आणि आता कपॅसिटरवाले टप्प्याटप्प्याचे. पण या कुणालाच पंखा बंद असताना काही काम नसतं. स्मार्ट डिमरला मात्र दिवा बंद असतानाच खरं काम, तेव्हाच तर तो कान टवकारून बसलेला असतो. (आणि हो, पंख्याच्या रेग्युलेटरवर एलईडी बल्ब किंवा दिव्याच्या डिमरवर पंखा असले प्रयोग करू नका. मोटर घुंघुं करते आणि तापते.)

मग न्यूट्रल नाही तर हा जगतो कशावर? तर दिव्याच्या वाटेला जाणाऱ्या विजेतून. ऑफिसात एक जण असतो बघा, स्वतःचा डबा कधी आणत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डब्यातला एक घास घेतो. तसं. दिवा बंद असला तरी हा बल्बमधून अगदी थोडा करंट सतत वाहू देतो आणि त्यावर स्वतःची चिप चालवतो. समोर ६० वॉटचा तारेचा बल्ब असला तर तो २३० व्होल्टला पाव अँपिअर घेणारा, त्याला एवढ्याशा गळतीचा पत्ताही लागत नाही, तार गरमसुद्धा होत नाही. पण समोर ९ वॉटचा एलईडी आला की हिशोब फिसकटतो. त्याचा एकूण करंटच काही दशक मिलिअँपिअर, आणि त्याच्या आतल्या ड्रायव्हरमध्ये (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) वीज साठवणारा एक कपॅसिटर असतो, तो त्या गळतीवर हळूहळू भरतो, भरला की दिवा एकदा लुकलुकतो, रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. म्हणजे रात्री दोन वाजता बंद दिवा दर काही सेकंदांनी डोळा मारतोय. किंवा बंद करूनही विझतच नाही, पुसट मिणमिणत राहतो. भूतबित काही नाही, न्यूट्रल नाही एवढंच.

दिवा चालू असताना वेगळी तऱ्हा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा, आणि डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा भाग कापतो. जितका जास्त कापला तितका उजेड कमी. जो भाग कापला तेवढ्या वेळात व्होल्टेज डिमरच्या टोकांवर उभं असतं, आणि त्यातूनच त्याचं पोट भरतं. म्हणून न्यूट्रल नसताना साध्या स्मार्ट स्विचपेक्षा स्मार्ट डिमर बनवणं थोडं सोपं जातं, कापणं हा त्याचा धंदाच आहे. पण मग शंभर टक्के उजेड केला तरी त्याला स्वतःपुरती एक फाक कापून ठेवावीच लागते, म्हणून अशा डिमरवर दिवा पूर्ण लावला तरी थेट जोडल्यापेक्षा किंचित कमी पडतो. डोळ्याला फार कळत नाही, सांगितल्यावर मात्र सगळ्यांना कळायला लागतं.

कापायच्याही दोन पद्धती. लाटेची सुरुवात कापायची, ही जुनी, ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवाली, स्वस्त. किंवा शेवट कापायचा, हिला थोडे महाग पार्ट लागतात. एलईडीला शेवट कापलेली बरी, कारण सुरुवात कापली की व्होल्टेज प्रत्येक वेळी एकदम उडी मारून येतं आणि ड्रायव्हरमधला कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा दचकतो, त्याचा बारीक गुंजारव शांत खोलीत ऐकू येतो. शिवाय ट्रायॅक चालू राहायला त्यातून किमान काही करंट वाहावा लागतो, एकट्या ९ वॉटच्या बल्बकडे तेवढा नसतो, मग तो मध्येच सोडून देतो आणि दिवा थरथरतो. म्हणून डिमरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात जो वॉटचा आकडा असतो त्याकडे बघूच नका, तो तारेच्या बल्बसाठीचा असतो. एलईडीसाठीचा आकडा बराच कमी आणि बारीक अक्षरात, आणि त्याच्याही खाली, सगळ्यात कामाचा, कमीत कमी लोड किती हवा तो.

पण आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण डिमर नाहीच, बल्ब आहे. २०१५च्या जानेवारीत उजाला योजना आली आणि त्यानंतर घराघरांत एलईडी बल्ब इतक्या स्वस्तात पोचले की तारेचा बल्ब बघता बघता दिसेनासा झाला, चांगलंच झालं. पण आपल्या बाजाराला कसला बल्ब हवा होता? जो व्होल्टेज पडलं तरी तेवढाच लख्ख लागेल. गावाकडे संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की बल्ब लालभडक व्हायचा आणि ट्यूब लागायचीच नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना १०० ते ३०० व्होल्टमध्ये सारखा उजेड देणारा बल्ब म्हणजे चमत्कार. आता हाच बल्ब डिमरवर लावा. डिमर बिचारा लाट कापतोय, आणि बल्बाचा ड्रायव्हर समजतोय की आज पुन्हा व्होल्टेज पडलं, आणि इमानेइतबारे उजेड तेवढाच ठेवतोय. तुम्ही खाली खाली आणताय, काही फरक नाही, फरक नाही, आणि मग एकदम फडफड आणि काळोख. दोघेही आपापलं काम चोख करतायत. म्हणून बल्ब घेताना खोक्यावर "डिमेबल" लिहिलेलं नसेल तर तो डिमेबल नाही असंच समजायचं, आणि दुकानदाराला विचारून उपयोग नाही कारण तो "सगळे होतात मॅडम" म्हणतो.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो (बल्बवाल्या एडिसनच्याच नावाचं गाव). त्याच्याशी बोलताना कळलं की तिकडेही हेच रडगाणं. त्याचं घर जुनं, स्विचच्या डबीत दोनच वायरी. २०११च्या अमेरिकन वायरिंग कोडमध्ये दिव्याच्या स्विचपाशी न्यूट्रल आणून ठेवा असा नियम आला, पण त्याआधीची घरं तशीच. मात्र तिकडे एक फायदा. घरगुती डिमर हा प्रकार मुळात तिकडचाच, जोएल स्पायरा नावाच्या माणसाने भिंतीतल्या साध्या डबीत मावेल असा डिमर बनवला आणि १९६१मध्ये लुट्रॉन कंपनी काढली, त्याआधी दिवे मंद करणं हे नाटकाच्या थिएटरातलं अवजड काम होतं. तेव्हा त्यांच्याकडे घरात डिमर असणं जुनं, डिमेबल बल्ब दुकानात सहज मिळणं जुनं, आणि न्यूट्रल न लागणारे चांगले स्मार्ट डिमरही आहेत. भाऊ म्हणाला, "ताई, येताना एक घेऊन येतो." मी नको म्हटलं, कारण ते १२० व्होल्टचं, आपल्या २३०वर लावलं तर धूर. आणि त्यांच्या रंगांनी तर डोकंच फिरतं, तिकडे काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, आपल्या जुन्या घरांत काळी म्हणजे न्यूट्रल. त्यातही त्यांच्या जुन्या घरात स्विचकडे उतरलेल्या जोडीतली पांढरी प्रत्यक्षात फेज असू शकते. तिकडचा व्हिडिओ बघून इकडचा बोर्ड उघडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा.

मधल्या काळात काका गावी होते तेव्हा दुसऱ्या एका वायरमनला बोलावलं होतं. तो तरुण, चटपटीत, म्हणाला, "मॅडम, न्यूट्रल नाही ना, मग अर्थिंगला जोडून देतो, सेमच असतं." सेम नसतं हो. चालेल, ही खरी गोष्ट, मीटरवर व्होल्टेजही बरोबर दाखवेल, पण मग कायमचा करंट अर्थिंगच्या वायरीतून वाहणार, आणि ती कुठे सैल झाली की तुमच्या गीझरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर वीज येणार. घरात आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ३० मिलिअँपिअरची गळती दिसली की तो पडणार, आणि पडला तर उपकार मानायचे. तसंच शेजारच्या खोलीतल्या सॉकेटमधून न्यूट्रल उसना आणायचा हाही लोकप्रिय तोडगा. तो एकाच सर्किटचा असेल तर ठीक, पण फेज एका आरसीसीबीखालचा आणि न्यूट्रल दुसऱ्याखालचा असला की गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, आणि मग दिवा लावला की अर्ध्या घराची लाइट जाते आणि कारण कुणालाच सापडत नाही.

हॉलमध्ये प्रश्न सोपा निघाला. तिथे एका बटणावर चार बल्ब, चारही डिमेबल घेतले की मिळून किमान लोड भरतो, आणि शेवट कापणारा डिमर तिथे न्यूट्रलशिवायही गुपचूप चालतो. गरज पडलीच तर बायपास म्हणून एक लहानसा तुकडा मिळतो, तो वर दिव्याला समांतर लावायचा, म्हणजे गळतीचा करंट बल्बाऐवजी त्याच्यातून जातो आणि रात्रीचं डोळे मारणं थांबतं. तो बोर्डात नाही, दिव्यापाशी लावायचा असतो, हे मात्र नीट बघा.

आईंच्या खोलीसाठी काकांनीच डोकं चालवलं. ते म्हणाले, खाली न्यूट्रल नाही पण वर आहे ना, मग यंत्र वर बसवू. बटणाच्या मागे लपणारे जे छोटे डिमर मॉड्यूल मिळतात ते बोर्डातच लावायला हवेत असं काही नाही. त्या खोलीत दाराच्या वर जंक्शन बॉक्स आहे, तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही येतात आणि तिथूनच वायरी खाली बटणांना उतरतात. तर मॉड्यूल त्या बॉक्समध्ये, त्याला कायमचा फेज आणि न्यूट्रल, आणि खालच्या बटणातून परत आलेली वायर फक्त खूण म्हणून मॉड्यूलला द्यायची. बटणाच्या जागी बेलचं बटण बसवलं, म्हणजे दाबून सोडायचं. एकदा टिचकी मारली की चालू-बंद, दाबून धरलं की उजेड वर-खाली. न्यूट्रल मिळाला म्हणजे किमान लोडची कटकट संपली, एकच बल्ब असला तरी चालतो. फक्त बॉक्स मोठा हवा आणि हवा खेळती हवी, नाहीतर मॉड्यूल आत भाजतं.

हे सगळं प्रत्येक घरात जमेलच असं नाही. फेज वरच्या बॉक्सात न जाता सरळ बोर्डातच आलेला असेल तर वर कायमचा फेज मिळणार नाही. मग तीन वाटा: नवीन वायर ओढा, न्यूट्रल नको असलेला डिमर आणि बायपास लावा, किंवा सरळ तो बल्ब घ्या जो साध्याच बटणाने पटपट बंद-चालू केला की तीन टप्प्यांत उजेड बदलतो. हा शेवटचा प्रकार स्मार्ट नाही, त्याला ॲप नाही, म्हणून कुणी त्याचं कौतुक करत नाही, पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी हाच सांगेन. घरमालकाची भिंत फोडायची नाही, कुणाला पासवर्ड द्यायचा नाही.

रेडिओ कोणता याचाही विचार करा. वायफायवाला डिमर राउटरशी सतत संपर्कात, त्याला खायला जास्त लागतं, म्हणून न्यूट्रल नसताना झिग्बी या दुसऱ्या रेडिओवाले जास्त भरवशाचे, ते कमी खातात. फक्त त्यांना वेगळं हब (त्यांना राउटरशी जोडणारा डबा) लागतं, आणि न्यूट्रल नसलेले झिग्बी स्विच सहसा स्वतःपुरतेच असतात, दुसऱ्याचा निरोप पुढे पोचवत नाहीत, त्यामुळे हब लांब असलं की मध्ये निरोप पुढे पोचवणारा एखादा झिग्बी प्लग वगैरे लागतो. आणि इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे ना हे बघा, जुन्या स्क्वेअर वेव्हवर डिमर धड चालत नाहीत. वीज जाऊन आल्यावर दिवा काय करणार ही सेटिंग तर पहिल्या दिवशीच बघायची, नाहीतर पहाटे तीनला लाइट येते आणि आईंच्या तोंडावर शंभर टक्के उजेड.

आई आता बटण दाबून धरतात आणि हवा तेवढा उजेड आला की सोडतात. मोबाइलवरून होतं हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मोबाइल शोधायला आधी लाइट लावू ना?"

राहिला पॅसेज. तिथे दोन टोकांना टू-वेची (एकच दिवा दोन्हीकडून चालवणारी) बटणं, वर जंक्शन बॉक्स प्लास्टरखाली गाडलेला, न्यूट्रल दोन्हीकडे नाही. गणपतीच्या आधी रंगकाम काढायचंय, तेव्हा भिंत तासली जाणारच, तर त्याच वेळी दोन्ही बोर्डांत न्यूट्रल ओढून घ्यायचा असं काकांशी बोलून ठेवलंय. जुन्या पाइपातून वायर ओढायची जीआय (लोखंडी) तार जाते का ते आधी बघतील, नाही गेली तर भिंतीवरून वायरची पट्टी. "वायर तुम्हीच आणा," म्हणाले, "दीड स्क्वेअर एमएमची, काळी, आयएसआय बघून. आणि दोन हात जास्त आणा, बोर्डात गुंडाळून ठेवू."